संत गुंडोल्फोचा नवस

पियानो घ्यायचा हे अनाक्लेतो बेझेर्रा यांनी ठरवलंच नव्हतं. ते शेजारच्या मेजर तिबूर्सियोंनी ठरवलं. मेजर उभ्या आयुष्यात एकाही लढाईत गेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या अंगातला सगळा दारूगोळा शिल्लक होता आणि निवृत्तीनंतर तो ते शेजाऱ्यांवर खर्च करत. सध्या त्यांनी अनाक्लेतोंच्या झुल्मीराचं लग्न मनावर घेतलं होतं.

मुलगा चांगला होता. नाव लेओकादियो, औषधांच्या दुकानात कामाला. दारू नाही, पत्ते नाहीत. झुल्मीरा रोज चर्चला जाताना मुद्दाम वळसा घालून त्याच दुकानावरून जायची, हे तिच्या आईला माहीत होतं, वडिलांना नव्हतं. अडचण होती ती मुलाच्या आईची. दोना एस्कोलास्तिका. तीन थोरल्या मुलांची लग्नं लावून तीन सुना एकाच घरात नांदवणारी ही बाई ईस्टरच्या रविवारी मुलगी बघायला येणार होती.

"घरात पियानो आहे ना?" मेजरांनी विचारलं.

"नाही."

"मग बाई येतायत कशाला? तुमच्या खिडक्या मोजायला? अहो, तिन्ही सुनांनी पियानो आणलेत. आणि मी तर बाईंना सांगून बसलोय, की घरी या, संगीताचा एक छानसा धक्का देतो तुम्हाला."

"मेजर, सांगायच्या आधी मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

अनाक्लेतो पोस्टात दुय्यम कारकून होते. दिवसभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी टोपी नीट करून घरी यायचं, एवढाच त्यांचा संसार. पण त्यांना अब्रू होती, आणि दुय्यम कारकुनाची अब्रू मुख्य कारकुनाच्या अब्रूपेक्षा फार नाजूक असते. ते मुकाट्याने मस्यू लापोर्तच्या दुकानात गेले.

त्या वर्षी ब्राझीलच्या रेसिफे बंदरात पिठापेक्षा पियानोच जास्त उतरत असावेत. ज्याच्या घरी छप्पर गळत होतं त्याच्याही घरी पियानो होता, आणि गळक्या जागेखालून तो सरकवायला एक माणूस होता. मस्यू लापोर्तने अनाक्लेतोंना एक उभा, काळा, चकचकीत जर्मन पियानो चित्रात दाखवला. वर सोनेरी अक्षरांत 'गुंडोल्फ आणि पुत्र' आणि पुढच्या बाजूला मेणबत्त्यांसाठी दोन पितळी हात. "खास उष्ण देशांसाठी बनवलाय," तो म्हणाला. "वाळवी याला तोंड लावत नाही. लावलं तर वाळवीच मरते." वर्षानुवर्षांची शिल्लक मोकळी करून अनाक्लेतोंनी मागणी नोंदवली. झुल्मीराला वाजवता किती येतं, हा प्रश्न कोणी काढला नाही. तिला कॉन्व्हेंटच्या शाळेत एक वॉल्ट्झ शिकवला होता, तोही अर्धा. दुसरा अर्धा शिकवायच्या आत शिकवणाऱ्या सिस्टर वारल्या.

इकडे मेजरांनी दुसरा सल्ला दिला. पियानो जिन्यातून वर जाणार नाही, दोर लावून सज्ज्यातून घ्यावा लागेल, तेव्हा सज्ज्याचा लोखंडी कठडा आधीच काढून ठेवा. कठडा काढायला नगरपालिकेची परवानगी लागते. तिथल्या साहेबाने विचारलं, कठडा काढल्यावर माणूस खाली पडला तर जबाबदार कोण? अनाक्लेतो म्हणाले, आम्ही पडणार नाही. साहेब म्हणाला, असं सगळेच म्हणतात. शेवटी मेजरांच्या ओळखीने कठडा निघाला. बैठकीची खोली रिकामी झाली. सोफा स्वयंपाकघरात गेला, आणि अनाक्लेतोंच्या बायकोला, जेनेरोझाबाईंना, सोफ्यावर चढून चुलीपर्यंत पोचावं लागू लागलं. बाई बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हाच अनाक्लेतोंना धास्ती वाटायची.

जहाज आलं ते नेमकं पवित्र आठवड्याच्या सोमवारी. जकातीच्या कचेरीत वाद्यांचं टेबल वेगळं आणि दिव्यांचं टेबल वेगळं. पियानोला मेणबत्त्यांचे हात आहेत म्हटल्यावर वाद्यांच्या टेबलाने तो दिव्यांच्या टेबलाकडे पाठवला. दिव्यांच्या टेबलाचं म्हणणं, हा दिवा असेल तर तो लावून दाखवा. मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी सकाळी दिव्यांच्या टेबलावरचा माणूस सुट्टीवर निघाला म्हणून एकदाची सुटका झाली. आता कचेरी थेट पुढच्या सोमवारी उघडणार होती. म्हणजे पियानो आज धक्क्यावरून हलला तरच रविवारी बैठकीत.

मेस्त्री ओनोरातो आणि त्याची माणसं धक्क्यावर तयारच होती. पियानो वाहण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पियानो, आणि तोंडात गाणं. मेस्त्री पुढे एक ओळ टाकायचा, बाकीचे पाठीमागून साथ द्यायचे, आणि त्या ठेक्यावर सगळ्यांचं पाऊल एकदम पडायचं. गाण्यात मालकाचं नाव, त्याचा पत्ता आणि त्याच्याविषयी जी काही माहिती गावात फिरत असेल ती, असं सगळं यायचं.

"मेस्त्री," अनाक्लेतो हळूच म्हणाले, "गाण्याशिवाय नाही का नेता येणार? म्हणजे काय आहे, घरातली खाजगी बाब आहे."

"साहेब, गाणं नसलं तर पावलं जुळत नाहीत. पावलं जुळली नाहीत तर मी तुमच्या घरी पोचेन, पण पियानो पोचेल याची हमी नाही."

आणि त्याने सुरुवात केली.

"अनाक्लेतोसाहेबांच्या घरी हो..."

"पाय उचला रे!"

"पोरीला नवरा येतोय दारी हो..."

"पाय उचला रे!"

रस्त्यावरच्या खिडक्या फटाफट उघडल्या. अनाक्लेतो टोपी डोळ्यांवर ओढून बरेच मागून चालू लागले, जणू त्यांचा आणि या मिरवणुकीचा काही संबंध नाही. पण मेस्त्री मध्येच मान न वळवता ओरडायचा, "साहेब, येताय ना मागून?" आणि सगळा रस्ता मागे वळून बघायचा.

पूल दिसू लागला. पुलापलीकडे त्यांचं घर. कठडा नसलेला सज्जा इथूनही दिसत होता. तेवढ्यात गावातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजल्या, खूप वेळ वाजल्या, आणि थांबल्या. थांबल्या म्हणजे शनिवारपर्यंत थांबल्या. गुरुवारच्या मिसेपासून शनिवारच्या आलेलुयापर्यंत प्रभूचा शोक. घंटा नाही, वाद्य नाही, गाणं नाही.

मेस्त्रीने तोंड मिटलं. माणसांनी गुडघे वाकवले आणि पियानो अलगद पुलाच्या तोंडाशी, साबणाच्या गोदामाच्या भिंतीला टेकवून ठेवला.

"अहो, घर समोर दिसतंय," अनाक्लेतो म्हणाले.

"दिसतंय ना. पण गायचं कसं?"

"गाऊ नका. नुसतं एक-दोन, एक-दोन म्हणा."

"एक-दोन म्हणून चालतात ते शिपाई. आम्ही पियानोवाले." मेस्त्रीने चुंबळ खांद्यावर टाकली. "शनिवारी घंटा वाजली की पहिलं ओझं तुमचं. शब्द देतो."

मेजर धावत आले आणि त्यांनी खास लष्करी आवाजात "डावा, उजवा" करून पाहिलं. माणसं हसली आणि घरी गेली. पियानो तिथेच राहिला, आणि त्याच्या शेजारी, घरून आणलेल्या तिवईवर, अनाक्लेतो.

आता नदीवरची खारी हवा, त्यात रात्रीचं दव. पियानोवर काहीतरी टाकायला हवं होतं. जेनेरोझाबाईंनी चादर पाठवली. मेजर म्हणाले, "पांढरी नको, लोक बघतील. बाईंनी चर्चसाठी शिवणकाम केलं, त्यातलं जांभळं कापड उरलंय ना? ते घाला. या आठवड्यात जांभळ्या कापडाकडे कोण बघतंय?"

खरं तर बरोबर होतं. या दिवसांत चर्चमधली प्रत्येक मूर्ती जांभळ्या कापडाखाली झाकलेली असते. नेमकी हीच गोष्ट मेजरांच्या लक्षात आली नाही, आणि अनाक्लेतोंचं डोकं तर उन्हाने केव्हाच काम करेनासं झालं होतं. कापडाखालून पियानोचे ते दोन पितळी हात पुढे आले होते. एकूण आकार असा, की कोणी साधुपुरुष हात पसरून भक्तांना जवळ बोलावतोय.

पहिली एक म्हातारी थांबली. तिने क्रूस केला, गुडघे टेकले, एक मेणबत्ती लावली आणि जाताना अनाक्लेतोंच्या हातात साबुदाणा करतात त्या कंदाच्या भाकरीचा तुकडा ठेवला. "खा बाबा, भुकेला दिसतोस," ती म्हणाली. पोस्टातल्या दुय्यम कारकुनाच्या हातात भीक. अनाक्लेतोंना रडू यायचं बाकी होतं. पण भूक लागली होती, म्हणून त्यांनी तो तुकडा खाल्ला.

शुक्रवारी सकाळपर्यंत पुलाच्या तोंडाशी मेणबत्त्यांची रांग लागली. कोणी विचारलं तर अनाक्लेतो नुसते खोकायचे. खोटं बोलायचं नाही म्हणून ते खोकत होते, आणि लोक समजत होते की सेवेकऱ्याने मौन धरलंय.

दुपारी पाद्री वेनान्सियो आले. आपल्या हद्दीत कुठला संत उपटला ते बघायला. त्यांनी कापडाचं टोक उचललं. सोनेरी अक्षरं वाचली. टोक खाली सोडलं.

"अनाक्लेतो."

"फादर, मी कोणालाही काहीही सांगितलेलं नाही."

"ते दिसतंय मला. न सांगता एवढं केलंस." पाद्रीबुवांचे गाल थरथरत होते, पण शुक्रवार होता म्हणून त्यांनी हसू आवरलं. "आता जर मी या बायकांना सांगितलं की तुम्ही काल संध्याकाळपासून पियानोला गुडघे टेकताय, तर आजच्या दिवशी इथे दंगा होईल. शनिवारपर्यंत झाकलेला राहू दे. कापड उडालं तर तू आणि मी दोघेही नदीत." जाता जाता ते थबकले. "चांगला दिसतोय रे पण. आमच्या अनाथ मुलींच्या शाळेतली पेटी वाळवीने अशी खाल्लीय की आत नुसता भुसा आहे. असो."

मग झुल्मीरा डबा घेऊन आली. वडील जेवत असताना ती कापडाच्या चुण्या सारख्या करत राहिली.

"बाबा, त्यांना नाही आवडलं तर?"

"काय नाही आवडलं?"

"अर्धा वॉल्ट्झ." आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "तो अर्धाच आहे हो. पुढे काही येत नाही मला. लेओकादियो म्हणतो, आई नाही म्हणाली तर तो आईविरुद्ध जाणार नाही. आणि जाऊही नये त्याने."

अनाक्लेतोंनी चमचा खाली ठेवला. लेओकादियो असं कधी म्हणाला, कुठे म्हणाला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आपल्या पोरीला हा मुलगा मनापासून हवाय, एवढंच त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं, की हे कळायला आपल्याला पुलावर येऊन बसावं लागलं.

ती गेली आणि थोड्याच वेळात पुलावरून काळ्या रेशमातली एक बाई येताना दिसली. दोना एस्कोलास्तिका. अनाक्लेतो तिवईसकट पियानोच्या मागे, भिंतीच्या फटीत घुसले.

बाई थांबल्या. गुडघे टेकले. मेणबत्ती लावली, तिचं मेण ठिबकलं ते सरळ कापडावर. आणि मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून बाई अगदी घरच्यासारखं बोलू लागल्या.

"बाबा, तू कोण आहेस मला माहीत नाही, पण ऐकतोस असं म्हणतात. माझ्या घरात तीन पियानो आहेत. जेवून जरा आडवं झालं की तिघी एकदम वाजवायला बसतात, आणि तिघी वेगवेगळं वाजवतात. मी कोणाला बोलू शकत नाही. बोलले तर म्हणतील, सासू अडाणी, हिला संगीत कळत नाही. आता धाकट्याचं बघतेय. मुलगी गुणाची आहे म्हणतात. बाप पोस्टात आहे, जरा बावळट वाटतो, पण ते मी चालवून घेईन. पण तो मेजर म्हणतो, तिथे संगीताचा धक्का आहे. बाबा, मला आणखी धक्के नकोत. त्या घरात पियानो नसू दे. नसला तर मी तिथल्या तिथे हो म्हणेन, आणि पहिल्या नातवाला तुझं नाव ठेवीन. असला तर मात्र मी मुलगी न बघताच उठेन. चौथा पियानो आला तर मला वेड लागेल."

क्रूस करून बाई गेल्या. अनाक्लेतो फटीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या पाठीला सगळा चुना लागला होता. 'बावळट' हा शब्द त्यांना लागलाच. पण त्याचं दुःख करायला सवड नव्हती. ज्या पियानोसाठी एवढ्या उठाठेवी केल्या तो आता कोणत्याही परिस्थितीत घरी पोचता कामा नये, हे त्यांना लख्ख कळलं होतं. त्याच रात्री त्यांनी पाद्रीबुवांना गाठून सगळं सांगितलं आणि पियानो अनाथ मुलींच्या शाळेला देऊन टाकला.

शनिवारी सकाळी मेस्त्री ओनोरातो शब्दाप्रमाणे हजर झाला. भोवती ही गर्दी. संत आता चर्चला निघणार, अशी बातमी कोणीतरी उठवली होती.

"मेस्त्री, घरी न्यायचा नाही," अनाक्लेतो म्हणाले. "तो पाद्रीबुवांच्या..."

आणि घंटा वाजल्या. गावातल्या सगळ्या. फटाके, पिपाण्या, येशूला दगा देणाऱ्या जुदासचा गवताचा पुतळा पोरांनी झोडपायला घेतला, तो हलकल्लोळ. मेस्त्रीच्या कानात काही शिरेना. माणसांनी पियानो कापडासकट डोक्यावर घेतला आणि सूर लागला.

"अनाक्लेतोसाहेबांच्या घरी हो..."

"पाय उचला रे!"

निघाले. गर्दी मागून निघाली. "अनाक्लेतोच्या घरी? असं काय पुण्य केलंय त्याने?" कोणीतरी विचारलं. अनाक्लेतो पुढे धावले, मेस्त्रीचं कोपर ओढलं, हात जोडले, ओरडले. काही उपयोग नाही. डोक्यावर एवढं ओझं असलेला माणूस इकडेतिकडे बघत नाही, आणि पाय जातात ते गाणं सांगेल तिकडे. अर्धा पूल संपला. सज्जा आता इतका जवळ आला की वर उभे असलेले मेजर हात हलवताना दिसले.

तेव्हा अनाक्लेतो बेझेर्रा यांनी ती गोष्ट केली, जी ते कधी न्हाणीघरातही करत नसत. ते मेस्त्रीच्या शेजारी पावलात पाऊल टाकून चालू लागले, आणि पुढच्या ओळीची जागा आली तशी भसाड्या आवाजात त्यांनी ती स्वतःच टाकली.

"पाद्रीबाबांच्या शाळेत हो..."

मागची माणसं सवयीने म्हणाली, "पाय उचला रे!"

"डावीकडच्या आळीत हो..."

"पाय उचला रे!"

मेस्त्रीने डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा पाहिलं. आणि पूल संपल्यावर उजवीकडे न वळता मिरवणूक डावीकडे वळली. मुख्य कारकून बायकोबरोबर कोपऱ्यावर उभे होते. आपला दुय्यम रस्त्यात गातोय हे बघून त्यांनी टोपी काढली, कारण दुसरं काय करावं त्यांना सुचेना. अनाक्लेतो शाळेच्या दारापर्यंत गात राहिले. सुरुवात करणं कठीण होतं, आता थांबणं कठीण वाटत होतं.

दारात पाद्री वेनान्सियो उभे. त्यांनी संताचं स्वागत केलं, दरवाजे लावून घेतले, आणि आत जाऊन पोटभर हसले.

"अनाक्लेतो, लग्न जुळलं तर माझ्याकडून. घंटा, मिसा, फुलं, सगळं."

"जुळलं तर," अनाक्लेतो म्हणाले.

मेस्त्री घाम पुसत होता. "साहेब, आवाज बरा आहे तुमचा," तो म्हणाला. "लय थोडी मागे पडते."

घरी सगळी हकीकत ऐकल्यावर जेनेरोझाबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सोफा परत बाहेर येणार?" झुल्मीराने तर बापाच्या गळ्यात हात टाकले आणि वॉल्ट्झमधून सुटल्याच्या आनंदात ती अशी रडली की मेजर समजले, कोणीतरी गेलं. सोफा मात्र लगेच आला नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात अडकला, तो तिथेच.

त्यामुळे रविवारी दोना एस्कोलास्तिका आल्या त्या रिकाम्या बैठकीत. चार साध्या खुर्च्या, आणि भिंतीशी पियानोच्या मापाची मोकळी जागा. बाईंनी ती जागा पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"इथे काहीतरी यायचंय वाटतं?"

झुल्मीराने हातातला बशांचा ट्रे घाईने खाली ठेवला.

"नाही हो," अनाक्लेतो म्हणाले. "हवा खेळायला ठेवलीय."

"आणि सज्ज्याला कठडा नाही?"

"तोही हवेसाठी."

"ते संगीताचं काय म्हणत होता मेजर?"

मेजरांनी छाती पुढे काढली. "अहो, तोच तर पिया..."

जेनेरोझाबाईंनी पेरूचा मुरंबा भरलेल्या केकचा एक भलामोठा तुकडा त्यांच्या तोंडाशी नेला. मेजर खाण्याला नाही म्हणत नसत.

"आमच्या घरात पियानो नाही," अनाक्लेतो म्हणाले. पवित्र आठवडा सुरू झाल्यापासून हे त्यांचं पहिलं सरळ, खरं, न खोकता बोललेलं वाक्य. "मुलीला वाजवताही येत नाही. अर्धा वॉल्ट्झ येतो, तोही ती विसरतेय."

दोना एस्कोलास्तिकांनी डोळे मिटले. वर्षानुवर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरावं तसा त्यांनी श्वास सोडला. मग उठून झुल्मीराला जवळ घेतलं आणि विचारलं, "दुपारी जेवण झाल्यावर तू काय करतेस गं?"

"झोपते," झुल्मीरा घाबरून म्हणाली.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "माझी लेक आहेस तू."

लग्न तिथल्या तिथे ठरलं. निघताना बाई दारात थांबल्या. "एक विचारायचं होतं. पुलाच्या तोंडाशी तो झाकलेला संत होता ना, कोण हो तो? नवस बोललेय मी त्याला. नाव माहीत नको?"

अनाक्लेतोंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. मेजरांच्या तोंडात केक होता. अनाक्लेतोंच्या डोळ्यांसमोर एकच नाव येत होतं, सोनेरी अक्षरातलं.

"गुंडोल्फो," ते म्हणाले. "संत गुंडोल्फो. जर्मनीतले."

"ऐकलं नव्हतं कधी."

"उष्ण देशांत नवीनच आलेत."

झुल्मीराचं लग्न पाद्रीबुवांनी शब्दाप्रमाणे वाजतगाजत लावलं. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी तिला मुलगा झाला. बारशाला सगळा गोतावळा जमला. दोना एस्कोलास्तिका नातवाला घेऊन सगळ्यांत पुढे. पाद्री वेनान्सियोंनी पाण्याचं भांडं उचललं आणि नाव विचारलं.

"गुंडोल्फो," बाई ठणकावून म्हणाल्या.

पाद्रीबुवांचे गाल पुन्हा थरथरले. भिंतीपलीकडे शाळेतल्या मुली नेमक्या त्याच वेळी पियानोवर बोटं आपटत होत्या. बाई कान टवकारून म्हणाल्या, "छान वाजवतात हो पोरी. लांबून ऐकलं की बरं वाटतं."

"हो ना," अनाक्लेतो म्हणाले, आणि खोकले.